पोटाचा पट्टा रात्री काढून ठेवा

पत्र:

ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४१. वजन ११६ किलोवर गेलं होतं, शुगर होती, गुडघे बोलायला लागले होते. पाच आठवड्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरला दुर्बिणीतून वजन कमी करायचं, स्लीव्हचं ऑपरेशन झालं. ११ किलो उतरलंय, बाकी तब्येत बरी आहे. घरी सोडताना पोटाचा पट्टा दिला आणि "वाटलं तर लावा" एवढंच सांगितलं. तेव्हापासून मी तो रात्रंदिवस लावते. काढला की पोट गळून पडल्यावानी वाटतंय. गावात सगळ्यांना हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलंय, घरात फक्त मालकांना आणि जाऊबाईंना खरं माहीत आहे. सासूबाई म्हणतात, हा पट्टा ढिलाय, वरून लुगड्याचं धडपं करकचून बांध, बाळंतपणात बांधलं होतं तसं, नाहीतर पोट सुटतंय. जाऊबाईंनी घाम काढायचा काळा बेल्ट मागवून दिलाय. मोबाइलवर एक बाई सांगते, सहा आठवडे चोवीस तास पट्टा काढायचाच नाही, नाहीतर कातडी लोंबते. आता पट्ट्याखाली लालबुंद झालंय, खाज सुटते. रात्री छातीत जळजळ होऊन तोंडात आंबट येतं. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे. पट्टा किती दिवस लावू, किती घट्ट? पोट आत जाईल ना? आणि लग्नात साडीखाली शेपवेअर घातलं तर चालेल का?

उत्तर:

ताई, आज रात्रीपासून झोपताना पट्टा काढा आणि उशाशी ठेवा. बाकीची उत्तरं सावकाश वाचलीत तरी चालेल, हे मात्र आजच करा. जेवतानाही काढा, आणि जेवल्यावर अर्धा-पाऊण तास लावू नका.

कारण तुमची रात्रीची जळजळ. स्लीव्हच्या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण भाग, कधी त्याहूनही थोडा जास्त, काढून टाकतात. उरते ती एक अरुंद, उभी नळी. या नळीत मुळातच दाब जास्त असतो, त्यामुळे पट्ट्याचं नावही न घेणाऱ्या काही जणांना स्लीव्हनंतर ॲसिडिटीचा त्रास होतो. त्यात तुम्ही बाहेरून पोट आवळलंत आणि आडव्या झालात. पाण्याने भरलेला फुगा मधोमध मुठीत दाबला की पाणी जिकडे जागा मिळेल तिकडे सरकतं. तुमच्या पोटात ती जागा घशाच्या दिशेला आहे. रात्रीचं खाणं आणि अंथरूण यांत दोन-तीन तास जाऊ द्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट सरकवा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान तेवढी वर होते आणि पोट मुडपतं, त्याचा उपयोग नाही. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर तुमच्या सर्जनना फोन करा. डिस्चार्ज कार्डावर सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी लिहिलेली असेल आणि "आता बरं आहे" म्हणून तुम्ही ती आपण होऊन बंद केली असेल, तर तेही लपवू नका.

आता तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल. सल्ला देणाऱ्यांपैकी एकही माणूस तुमच्या वाईटावर नाही, आणि एकाचाही सल्ला तुमच्या ऑपरेशनचा नाही.

सासूबाई बाळंतपणाचं बोलतायत. नऊ महिने ताणलेलं पोट, ढिले पडलेले स्नायू, कंबरेतली कळ. त्यावर जुन्या लुगड्याचा वेढा बरा वाटतो, उठता-बसता आधार मिळतो. आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तो बांधत आल्यात, आणि त्यांना बरं वाटलं ते खोटं नाही. पण तिथेही पोट आत जातं ते गर्भाशय आकसल्यामुळे आणि स्नायू हळूहळू जागेवर आल्यामुळे. तुमच्याकडे तो प्रकारच नाही. शिवाय लुगड्याच्या कापडाला ताण नसतो. इलॅस्टिकचा पट्टा निदान श्वासाबरोबर थोडा पसरतो, करकचून बांधलेलं धडपं पसरत नाही. सासूबाईंना नाही म्हणायला जड जात असेल तर "डॉक्टरांनी कापड बांधायला मना केलंय" म्हणून सांगा. माझं नाव घेतलंत तरी हरकत नाही.

जाऊबाईंचा काळा रबरी बेल्ट डब्यातच राहू द्या, किंवा परत जात असेल तर परत करा. त्याने निघतो तो घाम, चरबी नाही. ज्या बाईला तांब्याभर पाणी एका दमात पिता येतं तिचं त्यात फारसं बिघडत नाही. तुम्ही दिवसभर घोट-घोट करत कसंबसं दीड लिटर पोटात घालत असाल, आणि परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांवर जातो. या शस्त्रक्रियेनंतर माणसं पुन्हा दवाखान्यात दाखल होतात त्याच्या नेहमीच्या कारणांत अंगातलं पाणी कमी होणं हे एक आहे. पैसे देऊन घाम काढायची आपल्याला काय गरज!

मोबाइलवरच्या बाई बहुधा खरंच बोलतायत, पण त्यांचं ऑपरेशन वेगळं आहे. लोंबणारी कातडी कापून पोट घट्ट करायची किंवा चरबी ओढून काढायची प्लॅस्टिक सर्जरी असते. तिच्यात कातडी खालच्या थरापासून सोडवलेली असते, मधल्या पोकळीत पाणी साचायचा आणि सूज यायचा संभव असतो. म्हणून तिथे सर्जन मापाचा दाबाचा कपडा देतात आणि काही आठवडे, अंघोळ सोडून, दिवसरात्र घालायला लावतात. त्यांना ते बंधन आहे, तुम्हाला नाही.

मग तुमच्या बाबतीत पट्ट्याचं काम काय? अगदी थोडं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर चार-पाच छिद्रं असतात, बहुतेक ५ ते १२ मिलिमीटरची. ज्यातून जठराचा कापलेला भाग बाहेर काढतात ते छिद्र जरा मोठं, आणि सगळ्यात जास्त दुखतं तेही तेच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उठताना, खोकताना, गाडी खड्ड्यातून आदळताना तिथे हिसका बसतो. पट्टा तो हिसका कमी करतो, माणूस धीराने उभा राहतो, लवकर चालायला लागतो. लवकर चालणं फार मोलाचं, कारण पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने घटतो. पोट उघडून, उभा छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतर पट्ट्याने दुखणं कमी होतं आणि चालणं सुधारतं असं अभ्यासांत दिसलेलं आहे. पट्टा लावला म्हणून पुढे हर्निया होत नाही, याला मात्र भक्कम पुरावा नाही. दुर्बिणीनंतर काही सर्जन पट्टा देतात, काही देतच नाहीत, आणि दोघांचेही पेशंट बरे होतात. म्हणजे "वाटलं तर लावा" हे शब्द बरोबरच होते. फक्त ते म्हणणाऱ्याने "चालताना लावा, झोपताना-जेवताना काढा" एवढी भर घातली असती तर तुमचा महिना सुखाचा गेला असता. घरी सोडायच्या दिवशी बिलाचे कागद समजावून सांगायला दवाखान्यांना जेवढा वेळ असतो, तेवढा पट्ट्यालाही द्यायला हवा, असं मला फिजिओथेरपिस्ट म्हणून कायम वाटतं.

"पोट गळून पडल्यावानी" वाटतंय ते मी हसण्यावारी नेत नाही. महिनाभर चोवीस तास दाब अंगावर राहिला की तो काढल्यावर रिकामं वाटणारच. त्यात ११ किलो उतरले म्हणजे पोटाची घडी आतून सैल पडलेली, चालताना ती हलते, खाली ओढते. पण आतलं जठर, आतडी, टाके यांना पट्ट्याने धरून ठेवलेलं नाही. ते काम पोटाच्या स्नायूंच्या थरांचं आहे आणि पाचव्या आठवड्यात ते थर व्यवस्थित जागेवर असतात. पट्टा काढल्याने काहीही निसटत नाही. खाली ओढणाऱ्या घडीला आधार द्यायचा तर पट्टा खालून वर उचलून धरेल असा लावावा लागतो, आणि इथेच बहुतेक जणी चुकतात. पट्टा बरगड्यांखाली चढवून मधोमध आवळतात. जिथे आधार हवा तिथे तो नसतो, आणि श्वास मात्र अडतो.

लावायची पद्धत सांगते, पुढच्या दोन-तीन आठवड्यांना उपयोगी पडेल. सपाट पलंगावर किंवा जमिनीवरच्या गादीवर उताणं झोपून लावा. बाजेवर नको, बाजेला झोळ असतो. तिच्यात पट्टा वाकडा बसतो आणि तिच्यावरून उठताना पोटाला ताणही जास्त पडतो. आत सुती बनियन हवंच. मालकांचं जुनं, मऊ झालेलं चालेल, शिवण बाहेर करून घाला. पट्ट्याची खालची कड कंबरेच्या हाडांवर आणि पोटाच्या घडीच्या खाली यायला हवी. आधी खालची पट्टी चिकटवा, मग वरची, आणि वरची जरा सैल. लावून झाल्यावर पट्टा आणि बनियन यांच्यामध्ये दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. मग एक खोल श्वास घ्या. पोट आणि खालच्या बरगड्या फुगताना पट्टा आडवा येत असेल तर तो घट्ट आहे, तुम्हाला कितीही "छान बसलाय" वाटो. उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा. ही सवय पट्टा सुटल्यावरही ठेवा.

श्वासाचं एवढं का लावून धरते, तर घट्ट पट्ट्याखाली फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथे कफ साचतो, ताप येतो. श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र तुम्हालाही दिलं असेल. आपल्याकडे बरेच लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, नळीतून हवा आत ओढायची, गोळ्या वर धरून ठेवायच्या. ते अजून कपाटात असेल तर काढा आणि पट्टा सोडून करा. खोकला आला तर त्यासाठी पट्टा शोधत बसू नका, चादरीची घडी नाहीतर छोटी उशी पोटाशी घट्ट धरा, तेवढ्याने भागतं.

सुटका कशी करायची? आज रात्र आणि जेवणं पट्ट्याविना. ते अंगवळणी पडलं की घरातल्या घरात काढून फिरा. आधी स्वयंपाकघर ते अंगण, मग दुपारभर. आठवडाभराने पट्टा उरेल तो फक्त अंगणवाडीत उभं राहायच्या वेळेपुरता आणि प्रवासापुरता. आठव्या आठवड्याच्या सुमाराला तोही सुटायला हवा. मधे एखाद्या दिवशी जास्त काम पडलं आणि लावावासा वाटला तर लावा, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. पट्टा सोडताना पोटाला थोडं काम द्या: उताणं झोपून गुडघे वाकवा, सावकाश श्वास सोडत बेंबी पाठीच्या कण्याकडे ओढा, पाच आकडे मोजा, सोडा. श्वास कोंडायचा नाही. उठाबशा, पोटाचे जोरदार व्यायाम सर्जननी होकार दिल्याशिवाय नकोत.

प्रवासात पट्टा लावा, पण त्यावर विसंबून एका जागी बसून राहू नका. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तपासणीला संभाजीनगरला जाणं तेवढं स्वस्त झालं; परंतु चार-साडेचार तास एकाच सीटवर बसणं पायांना वाईट. बस थांबेल तिथे खाली उतरून चार पावलं चाला, बसल्या जागी पावलं वर-खाली करा. पट्ट्याची खालची कड जांघेत रुतू देऊ नका, तिथून पायाच्या मोठ्या शिरा जातात.

अंगावर लालबुंद झालंय त्याचं कारण घाम, घर्षण आणि न वाळणारी ओल. पट्ट्याखाली आणि पोटाच्या घडीत बुरशी धरते. दिवसातून दोनदा घडी उचलून साध्या पाण्याने धुवा, सुती कापडाने टिपून कोरडी करा, पंख्याखाली पाच-दहा मिनिटं मोकळी राहू द्या, मग बनियन. तांबडे चट्टे कडेने पसरत असतील, खाजत असतील तर डॉक्टरांना दाखवून बुरशीवरचं साधं मलम घ्या. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" म्हणून मिळते ती घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज बसते, मग दुपटीने उलटते आणि कातडी पातळ होते ती वेगळीच. छिद्रांच्या जागी हळद, खोबरेल, पावडर काही लावू नका. पट्टा एक दिवसाआड साध्या साबणाने गार पाण्यात धुवा, धुताना चिकटपट्ट्या बंद करा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात वाळवला तर त्याचा ताण जातो आणि मग तो गळ्यातल्या माळेसारखा नुसता असतो.

पट्ट्याची एवढी काळजी करता करता परकराची नाडी विसरू नका. दिवसभर जिच्यात पोट अडकलेलं असतं ती खरी नाडीच. अंगणवाडीची साडी नीट बसावी म्हणून आपण ती किती आवळतो ते संध्याकाळी कंबरेवरच्या वळावरून कळतं, आणि ती बहुतेक जणींच्या बेंबीजवळच्या छिद्रावरच येते. वर्षानुवर्षं नाडी काचून झालेल्या जखमेचा पुढे कर्करोग झाल्याच्या घटनांची नोंद वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली होती. तशी गोष्ट फार विरळा, भिऊ नका. पण रुंद पट्टीचा किंवा इलॅस्टिकचा परकर शिवून घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे. काही दिवस सैल पंजाबी ड्रेस चालणार असेल तर पर्यवेक्षिकेला विचारून पाहा.

अंगणवाडीचंच आणखी एक. लेकरांची वजनं घ्यायची म्हणजे तीन-चार वर्षांचं पोर उचलून काट्यात बसवायचं, १२-१४ किलो सहज. पट्टा लावला म्हणून हे उचलता येतं असा समज असेल तर तो काढून टाका. पट्टा दुखणं झाकतो, आतल्या थरांची ताकद वाढवत नाही. दुखत नाही म्हणून बाई वजन उचलते आणि छिद्राच्या जागी नेमका हर्निया घेऊन येते. मग गावाला सांगितलेलं खरं व्हायचं. उचलायचं काम मदतनीसताईंकडे द्या, तुम्ही नोंदी करा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर उचलू नका, आणि पुढे सर्जननी मोकळीक दिली तरी हळूहळूच वाढवा. घरच्या पाण्याचं काय, हा प्रश्न मला ऐकू येतोय. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं असा आपला मुलूख. इथे टँकर आला की डॉक्टरचा कागद कोण बघतो! भरलेला हंडा पंधरा किलोंच्या पुढे जातो. हे काम या उन्हाळ्यात मालकांनी आणि पोरांनी करायचं. पोरांना "हर्नियाचं ऑपरेशन" माहीत आहे ना, मग निदान त्या नावाचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

आणि हर्नियाच्या त्या नावाविषयी. वजनाचं ऑपरेशन केलं म्हणून सांगितलं की लोक काय बोलतात ते मला माहीत आहे: "खाणं आवरेना म्हणून पोट कापून घेतलं." कुणाला सांगायचं, कुणाला नाही हा तुमचा हक्क आहे आणि मी तुम्हाला चारचौघांत उघडं व्हायला सांगणार नाही. पण गावातल्या डॉक्टरांना खरं माहीत हवं. गुडघा दुखला म्हणून ते सवयीने डायक्लोफेनॅकची सुई देतील. तसल्या वेदनाशामकांनी जठराला व्रण होऊ शकतो आणि तुमच्यासारख्यांना ती शक्यतो टाळायला सांगतात. रात्री-अपरात्री पोटात दुखलं तर हर्नियाच्या हिशोबाने तपासणी होईल आणि वेळ जाईल. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत पर्समध्ये ठेवा. सासूबाईंनाही सांगावं असं मला वाटतं, कारण त्या रोज तुमचं ताट वाढतात. दोन घासांत पोट का भरतं ते कळलं नाही तर त्या अजून एक भाकरी कुस्करून देणार, त्यांच्या मायेने. पण हे कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा.

काही गोष्टी दिसल्या तर पट्ट्याचा विचार सोडून लगेच दवाखाना गाठायचा: ताप, बसल्या जागी नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या पुढे, दम लागणं, वाढत जाणारं पोटाचं किंवा डाव्या खांद्याचं दुखणं, पाणीही न टिकणारी उलटी, डांबरासारखी काळी शी, एका पोटरीला सूज आणि दुखणं, छिद्रातून पू किंवा खोकताना तिथे येणारा फुगवटा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट होते, तेवढ्याने घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर थांबू नका. सर्जन दूर आहेत म्हणून सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि तिथून त्यांना फोन लावा. आणि अशा वेळी "जरा पट्टा घट्ट केला की बरं वाटतंय" हे तर मुळीच नको.

पोट आत जाईल का? जाईल, वजन उतरेल तसं. पट्ट्यामुळे नाही. कातडीचं मात्र खरं ते सांगते: किती किलो उतरतात, किती वर्षं वजन होतं, वय काय, बाळंतपणं किती आणि आईवडिलांकडून कातडी कशी आली, यावर ती किती सैल पडेल ते ठरतं. ११६ किलोंवरून उतरताना थोडी लोंबणारच. ती बांधून वर जात नाही आणि न बांधल्याने जास्त खाली येत नाही. वजन साधारण एक ते दीड वर्ष उतरत राहतं. ते काही महिने एका जागी स्थिर झालं आणि तरी घडीत सारख्या जखमा होत असतील किंवा मनाला खुपत असेल, तर तेव्हा कातडी काढायच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारा. मोबाइलवरच्या बाईंचा चोवीस तासांचा पट्टा त्या वेळी उपयोगी पडेल. तोवर पोटात रोजचं ६० ते ८० ग्रॅम प्रथिन जाऊ द्या. डाळ, दही, पनीर, अंडं, आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर. कातडीसाठी आणि स्नायूंसाठी ते कुठल्याही इलॅस्टिकपेक्षा कामाचं.

राहिलं लग्न. मेपर्यंत अडीच-तीन महिने झालेले असतील. छिद्रं पूर्ण भरलेली आणि जळजळ थांबलेली असेल तर दोन-तीन तास हलकं शेपवेअर घालायला हरकत नाही. बरगड्यांपासून मांड्यांपर्यंत पकडणारं ते कडक प्रकरण नको, साडीखाली घालायचा लवचीक परकर मिळतो तो पुरे, आणि तुमच्या आजच्या नाही, त्या दिवसाच्या मापाचा. खरेदी म्हणून लग्नाच्या आदल्या आठवड्यातच करा. घरी एकदा तासभर घालून, खाली बसून, पाणी पिऊन बघा. मंगल कार्यालयात अक्षता पडल्या की पंगतीआधी आत जाऊन काढून टाका. दाबलेल्या पोटाने चार घास खाल्ले तर मळमळ होऊन उलटी होईल आणि मग बायका कारण विचारत बसतील. जिलेबी-श्रीखंड टाळा. गोडाने घाम फुटून चक्कर येते असं बायपासवाल्यांत (म्हणजे हृदयाचं नव्हे, वजन कमी करायचं जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांत) जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांतही होतं. मठ्ठाही जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने घोट-घोट घ्या. पैठणी नेसणार असाल तर निऱ्या खोचायला जागा राहील इतकाच परकर आवळा आणि पदराला, खांद्याला पिना जास्त लावा. साडी पिनांवर धरते, पोटावर धरायची गरज नसते.

आत्ताचा पट्टा तुम्हाला महिन्या-दोन महिन्यांत ढगळ होईल. त्याच्या जागी लहान मापाचा विकत घेऊ नका. तीन महिन्यांची तपासणी नेमकी लग्नाच्या गडबडीत येतेय. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियमच्या रक्तचाचण्या तेव्हा सांगतील. लग्नाच्या बस्त्यासाठी संभाजीनगरला जाणारच असाल तर त्याच फेरीत ती तारीख घेऊन टाका. जाताना उपाशीपोटी जायचंय का, ते आधी फोन करून विचारा.